पुढच्या दोन चाकांची भागीदारी

सांगलीच्या एका कापड व्यापारी गृहस्थांनी या स्तंभासाठी पाठविलेला प्रश्न मुदत ठेव, नामनिर्देशन किंवा भागीदारी पत्र यांपैकी कशाविषयीही नाही. घरातील १५० अश्वशक्तीच्या टर्बो पेट्रोल गाडीत त्यांच्या चिरंजीवांना ‘लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल’ नावाचा भाग बसवावयाचा आहे. विलायतेहून येणारा सुटा भाग, त्यावरील कर आणि गिअरबॉक्स उघडण्याची मजुरी मिळून आकडा दीड लाखाच्या पुढे जातो. गाडी पेढीच्या नावावर आहे आणि सूनबाईही ती रोज चालवितात. “हा खर्च की उधळपट्टी, एवढेच सांगावे,” असे गृहस्थ लिहितात. त्याच पत्राखाली चिरंजीवांनी दोन ओळी जोडल्या आहेत : “काका, मी आवाज करणारा सायलेन्सर मागत नाही. हा भाग तर बाहेरून दिसतही नाही.”

न दिसणाऱ्या वस्तूसाठी हट्ट धरणारा तरुण विरळाच. त्यामुळे या मागणीचा विचार एखाद्या कर्जप्रस्तावासारखा करणे मला योग्य वाटले.

प्रथम साधा डिफरन्शियल म्हणजे काय ते पाहू. गाडी काटकोनात वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर हा फरक सुमारे सव्वादोन मीटर भरतो. वळण अरुंद असो वा प्रशस्त, फरक जवळजवळ तेवढाच राहतो. ज्यांना भूमितीची आवड आहे त्यांनी कागदावर करून पाहावे. दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की जखडली, तर एखादे चाक घासत फरफटणारच. यावर १८२७ मध्ये ओनेसिफोर पेक्योर या फ्रेंच घड्याळजीने आपल्या वाफेच्या गाडीसाठी दातेरी चक्रांची तोड काढली. दोन्ही चाकांना बळ पोहोचते, परंतु प्रत्येकाला आपापल्या गतीने फिरण्याची मुभा राहते. आज आपल्या प्रत्येकाच्या मोटारीत हीच युक्ती आहे.

या युक्तीची एक अट आहे. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना टॉर्क, म्हणजे फिरविणारे बळ, समसमान देतो. ऐकावयास हे न्याय्य वाटते. पण दोघांच्या सहीने चालणाऱ्या खात्याचा अनुभव आठवावा. एक भागीदार सही करावयास समर्थ नसेल, तर दुसऱ्याची पत कितीही मोठी असो, रक्कम निघत नाही. चाकांचेही तसेच. पावसाळ्यात आंबा घाट चढताना तीव्र वळण येते, गाडीचा भार बाहेरच्या बाजूस झुकतो आणि आतले चाक हलके होते. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबला की ते हलके चाक जागीच गरगरते. त्याला रस्ता जेवढे बळ पेलू देतो तेवढेच बाहेरच्या, भक्कम पकड असलेल्या चाकाला मिळते. उरलेली शक्ती टायरचे रबर जाळण्यात जाते आणि गाडीचे नाक वळणाबाहेर सरकू लागते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ही अडचण अधिक बोचते, कारण तीच दोन चाके गाडी ओढतात आणि तीच वळवितात. शिवाय वेग घेताना भार मागे सरकतो, म्हणजे कामाच्या चाकांवरचा भार नेमका कामाच्या वेळी कमी होतो.

लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल ही समसमान वाटणी मोडतो. गिअरच्या जातीतील या भागाचे एक गुणोत्तर असते. समजा ते अडीचास एक आहे आणि आतले चाक ३०० एकक बळ पेलू शकते. साध्या डिफरन्शियलमध्ये बाहेरच्या चाकाला ३००, एकूण ६००. नव्या भागात बाहेरच्या चाकाला ७५० पर्यंत, एकूण १०५०. अर्थात इंजिन तेवढे देत असेल आणि बाहेरचा टायर तेवढे पेलत असेल तर. या हिशेबातच त्याची मर्यादाही दडलेली आहे. आतले चाक जमिनीवरून उचलले गेले आणि त्याची पकड शून्य झाली, तर शून्याची अडीचपट शून्यच. तेव्हा ब्रेकवर हलका पाय ठेवावा लागतो, म्हणजे अधांतरी चाकाला थोडा विरोध मिळतो आणि त्याच्या पटीत दुसऱ्याला बळ पोहोचते.

दुसरी जात क्लचप्लेटसारख्या चकत्यांची. तिच्यात चकत्या मुळातच थोड्या दाबून बसविलेल्या असतात, म्हणून एक चाक हवेत असतानाही ती काम करते. शर्यतीच्या गाडीला ती शोभते. घरच्या गाडीत मात्र अरुंद गल्लीत वळविताना ती अडखळते, चकत्या झिजतात आणि तिला वेगळ्या गुणाचे तेल लागते. सूनबाई ज्या गाडीने मंडईत जातात तीत ही जात बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गिअरची जात शांत असते, गिअरबॉक्सच्या नेहमीच्या तेलावर चालते आणि तिच्यात झिजणाऱ्या चकत्या नसतात.

हा प्रकार केवळ हौशी मुलांचे खूळ नव्हे, हेही गृहस्थांनी ध्यानी घ्यावे. फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाडीचे एक चाक गरगरते म्हणून १९३५ मध्ये झेडएफ या जर्मन कारखान्याकडून असा डिफरन्शियल करवून घेतला होता. होंडाने १९९५ च्या इंटिग्रा टाइप-आरमध्ये गिअरच्या जातीचा भाग कारखान्यातूनच दिला. २००२ च्या फोर्ड फोकस आरएसमध्ये क्वेफ या इंग्रज कारखान्याचा भाग होता. या दोन्ही गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आणि दोन्हींची शक्ती मात्र २०० अश्वशक्तीच्या आसपास. प्रस्तावातील गाडी १५० ची आहे, ही बाब मी टिपून ठेवली.

त्याआधी आणखी एक चौकशी करावी. अलीकडील अनेक गाड्यांत संगणक हीच उणीव ब्रेकच्या साहाय्याने भरून काढतो. फोक्सवॅगनने २००९ च्या गोल्फ जीटीआयमध्ये एक्सडीएस नावाची अशी सोय दिली; आतले चाक गरगरण्यापूर्वीच त्यावर ब्रेकचा हलका दाब येतो. घाटातील एखाद्या वळणाला ती पुरेशी होते. मात्र ती इंजिनाची शक्ती ब्रेकच्या उष्णतेत खर्ची घालते. शर्यतीच्या धावपट्टीवर फेरीमागून फेरी मारली की ब्रेक तापतात आणि पॅड लवकर संपतात. आपल्या गाडीत अशी सोय आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे. असेल आणि गाडी धावपट्टीवर जाणार नसेल, तर विषय तेथेच संपतो.

आता बसविण्याचे काम. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल मागील धुऱ्यावर स्वतंत्र घरात असतो. येथे तो गिअरबॉक्सच्या पोटात आहे. म्हणून दोन्ही ड्राइव्हशाफ्ट काढून गिअरबॉक्स गाडीखाली उतरवावा लागतो आणि त्याचे कवच उघडावे लागते. आतील मोठे दातेरी चक्र, ज्याला मिस्त्री क्राउन व्हील म्हणतात, ते जुन्या डिफरन्शियलवरून सोडवून नव्यावर चढवावयाचे असते. काही गाड्यांत ते बोल्टने बसविलेले असते. फोक्सवॅगनच्या अनेक गिअरबॉक्सांत ते रिव्हेटने जखडलेले असते. ती रिव्हेट ड्रिलने कापून त्या जागी उच्च दर्जाचे बोल्ट घालतात आणि ते ठरलेल्या मापानेच आवळतात. नवी बेअरिंग प्रेसवर दाबून बसवितात. त्यानंतर येते सर्वांत नाजूक काम. बेअरिंगवर नेमका दाब राहावा म्हणून कागदासारख्या पातळ धातूच्या चकत्या, म्हणजे शिम, मापून घालाव्या लागतात. दाब कमी पडला तर गिअरबॉक्स गुणगुणू लागतो, अधिक झाला तर बेअरिंग तापून खराब होते. ज्या गॅरेजमध्ये मायक्रोमीटर आणि डायल गेज नाही, तेथे हे काम देऊ नये. “अंदाजाने बसते साहेब” असे म्हणणाऱ्या मिस्त्रीला नमस्कार करून परत फिरावे.

दरपत्रकात भाग, कर, मजुरी, दोन बेअरिंग, शिम, ड्राइव्हशाफ्टची दोन ऑइल सील, नवे बोल्ट आणि गिअर ऑइल हे सारे वेगवेगळे लिहून घ्यावे. पाठविलेल्या पत्रकात ‘फिटिंगसह एकूण’ एवढीच ओळ आहे. एवढ्यावर मी कधी कर्ज मंजूर केले नसते. गिअरबॉक्स एवीतेवी उतरलाच आहे, तर क्लचप्लेट तपासून अर्धी झिजली असल्यास तीही बदलावी. तीच मजुरी वर्षभराने पुन्हा देण्यात शहाणपण नाही. जुना डिफरन्शियल भंगारात न देता तेल लावून घरी ठेवावा. गाडी विकताना घेणारा या भागासाठी सहसा अधिक मोल देत नाही; तेव्हा तो उतरवून वेगळा विकता येतो.

कागदपत्रांची बाजू व्यापारी घराने दुर्लक्षू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने परवानगीबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. डिफरन्शियल हा नोंदणी प्रमाणपत्रात लिहिला जाणारा तपशील नव्हे. तरीही परिवहन कार्यालयात विचारणा करून ठेवलेली बरी. विमा कंपनीला मात्र लेखी कळवावे आणि पोच जपून ठेवावी. विमा हा परस्परविश्वासाचा करार आहे. लपविलेला बदल दाव्याच्या दिवशी आपल्या विरोधात उभा राहतो. आणि चिरंजीवांनी नीट वाचावे अशी ओळ पुढे आहे : खाजगी गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर गाडी भिंतीस लागली, तर त्या खर्चाचा विचार पॉलिसीच्या भरवशावर करू नये. गाडीची वॉरंटी शिल्लक असल्यास उघडलेल्या गिअरबॉक्सची जबाबदारी कंपनी नाकारू शकते, हेही आधीच विचारून घ्यावे.

माझा निष्कर्ष असा. गाडी केवळ पेढी, मंडई आणि सुट्टीत रत्नागिरी एवढ्यासाठी असेल, तर या पैशाचा दहावा भाग खर्च करून पुढे दोन उत्तम टायर घ्यावेत आणि व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. झिजलेल्या टायरवर बसविलेला महागडा डिफरन्शियल म्हणजे तारणाशिवाय दिलेले कर्ज. चिरंजीव खरोखरच वर्षातून काही वेळा धावपट्टीवर जात असतील आणि चांगल्या टायरवरही आतले चाक गरगरत असेल, तर मागणी रास्त आहे. इंजिनाची शक्ती वाढविण्याच्या खटाटोपापेक्षा, आहे ती शक्ती रस्त्यावर उतरविणारा हा भाग मला अधिक समंजस वाटतो. मात्र पैसे चिरंजीवांच्या खाजगी खात्यातून जावेत. धंद्यासाठी झालेला खर्चच आयकरात वजा मिळतो. धावपट्टीवरील हौस पेढीच्या खर्चात लिहू नये.

बसविल्यानंतर गाडीचा स्वभाव बदलतो, आणि ही गोष्ट सूनबाईंना आधी सांगावयास हवी. पूर्ण जोर दिला असता, विशेषतः उंचसखल रस्त्यावर, स्टिअरिंग हाताला ओढ देते, कारण दोन चाकांचे बळ आता समान राहत नाही. २००२ च्या फोकस आरएसविषयी हीच तक्रार होती. वळणात जोर दिला की नाक आत खेचले जाते. अर्ध्या वळणात घाबरून पाय एकदम उचलला तर नाक आणखीच आत वळते. दोन-चार रिकाम्या रस्त्यांवर चिरंजीवांनी शेजारी बसून त्यांना याची सवय करून द्यावी, मगच गाडी त्यांच्या हाती सोपवावी.

पुढच्या दोन टायरांची झीज सारखी ठेवावी, कारण लहान-मोठ्या व्यासाची चाके म्हणजे सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला अखंड काम. स्टेपनी लहान मापाची असेल आणि पुढचे चाक पंक्चर झाले, तर मागचे चांगले चाक पुढे आणून स्टेपनी मागे लावावी. आणि गॅरेजच्या पोऱ्याला, तसेच घरातील प्रत्येकाला, बजावून ठेवावे की पुढचे एकच चाक जॅकवर उचललेले असताना इंजिन सुरू करून गिअर टाकावयाचा नाही. साध्या गाडीत हवेतले चाक नुसते फिरते. या गाडीत जमिनीवरचे चाकही बळ घेऊन गाडी जॅकवरून खाली खेचू शकते.