विश्लेषण : दातांच्या उपचारात हलगर्जीपणा झाला, हे रुग्णाने सिद्ध कसं करायचं?

रूट कॅनाल झालं, कॅप बसली, पैसेही चुकते झाले. पण काही आठवड्यांनी तीच दाढ पुन्हा ठणकू लागली आणि गाल सुजला. दुसऱ्या डेंटिस्टने एक्स-रे काढला, तेव्हा मुळाच्या नळीत धातूच्या बारीक फाइलचा तुकडा अडकलेला दिसला. पहिल्या दवाखान्यात मात्र याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. असे अनुभव सोशल मीडियावर अनेकजण लिहितात आणि खाली ‘केस ठोका’ असा सल्लाही मिळतो. पण कायद्याच्या दृष्टीने यात चूक नेमकी कोणती?

प्रत्येक त्रास म्हणजे निष्काळजीपणा का?

नाही. वाकड्या, अरुंद मुळात फाइल अनुभवी डॉक्टरच्या हातूनही तुटू शकते. अक्कलदाढ काढताना जबड्यातल्या नसेला धक्का लागून ओठ किंवा हनुवटी बधिर होऊ शकते. या उपचारातल्या माहीत असलेल्या गुंतागुंती आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात कसोटी स्पष्ट केली. त्या क्षेत्रातल्या साधारण सक्षम डॉक्टरने जेवढं कौशल्य आणि जेवढी काळजी दाखवली असती, तेवढी इथे दाखवली गेली का, हे पाहायचं. उपचार यशस्वी झाला नाही, एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही.

मग चूक कधी ठरते?

फाइल तुटणं हा अपघात असू शकतो. ती तुटल्याचं रुग्णाला न सांगता वर कॅप बसवणं हा अपघात नसतो. नस बधिर होण्याचा धोका आधी सांगितला होता का, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. उपचाराचं स्वरूप, त्यातले धोके आणि दुसरे पर्याय पुरेसे समजावून घेतलेली संमतीच खरी संमती, असं न्यायालयाने 2008 च्या समीरा कोहली प्रकरणात म्हटलं आहे.

काही चुका उघड असतात. दंतवैद्यकात प्रत्येक दाताला दोन आकडी क्रमांक असतो. खालच्या जबड्यातली डावीकडची पहिली मोठी दाढ 36, तर उजवीकडची 46. 36 ऐवजी 46 काढली गेली, तर त्याला गुंतागुंत म्हणता येत नाही. चूक इतकी स्पष्ट असेल, तर प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दिला.

पुरावा कसा निसटतो?

दातांच्या बाबतीत सर्वात मोठा पुरावा रुग्णाच्या तोंडातच असतो आणि तो टिकत नाही. वेदना असह्य होतात, रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे धावतो, तो कॅप काढतो, मूळ साफ करतो किंवा दाढच उपटतो. दुखणं थांबतं, पण आधी काय झालं होतं हे दाखवणारी खूणही जाते.

म्हणून दुरुस्तीआधी नोंद हवी. नवा एक्स-रे किंवा पूर्ण जबड्याचा ओपीजी काढून घ्यावा. दुसरा डॉक्टर ‘पहिल्याने चूक केली’ असं लिहून द्यायला सहसा तयार होत नाही आणि तशी गरजही नसते. दाताचा क्रमांक, तारीख आणि आज काय दिसतं, एवढं त्याने लेटरहेडवर लिहिलं तरी ते मोलाचं ठरतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांतही तपासणी करून घेता येते.

पहिल्या दवाखान्याकडे केसपेपर, एक्स-रे आणि संमतिपत्राची प्रत लेखी मागावी. बिल, औषधांची चिठ्ठी, पैसे भरल्याची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवावं.

तक्रार कुठे करायची?

पैसे घेऊन दिलेला उपचार ही ‘सेवा’ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ठरवलं. मे 2024 मध्ये वकिलांविषयीच्या एका प्रकरणात या निकालाचा फेरविचार व्हावा, असं मत दोन न्यायमूर्तींनी मांडलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्याची गरज नसल्याचं सांगितलं. त्यामुळे खासगी दंत दवाखाने आजही ग्राहक कायद्याच्या कक्षेत आहेत. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, अशी रुग्णालयं मात्र या कक्षेबाहेर राहतात.

घटनेपासून 2 वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. 2019 च्या कायद्यामुळे ती रुग्ण जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यातही चालते. उपचारासाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. वकील नेमणं सक्तीचं नाही आणि ऑनलाइन तक्रारीचीही सोय आहे. आधी सल्ला हवा असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

डॉक्टरच्या वर्तनाबद्दल राज्य दंत परिषदेकडेही दाद मागता येते. परिषद नोंदणीवर कारवाई करू शकते, पण भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येतं. फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा फार गंभीर स्वरूपाचा असावा लागतो. त्यामुळे आधी पोलीस ठाण्यात जाण्याचा उपयोग बहुतेक प्रकरणांत होत नाही.

पोस्ट टाकली तर?

अनुभव सांगायला बंदी नाही. पण नाव घेऊन केलेला आरोप सिद्ध करता आला नाही, तर मानहानीचा दावा उलटा रुग्णावरच येऊ शकतो. शिवाय पोस्ट कितीही व्हायरल झाली, तरी ती कायद्याने तक्रार ठरत नाही आणि 2 वर्षांची मुदत त्यामुळे थांबत नाही. दवाखान्याने माफी मागून पैसे परत करण्याची तयारी दाखवली, तरी सही करण्याआधी कागद नीट वाचावा. पुढे कोणताही दावा करणार नाही, असं त्यात लिहिलेलं असू शकतं. नस कायमची दुखावली आहे की काही महिन्यांत बरी होईल, हे अनेकदा त्या वेळी कुणालाच ठाऊक नसतं.