विश्लेषण : एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा तयार असतो, मग सगळी माहितीच कशी बिघडते?

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे व्यवहार थांबले. दुसऱ्याच दिवशी वायदे सौद्यांची मासिक मुदत संपणार होती. बीएसई मात्र सुरू होता, त्यामुळे अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे इंट्राडे सौदे तिकडे मोडले. नंतर एनएसईने दुपारी पावणेचार ते पाच अशी वाढीव वेळ दिली. त्या वेळेत बाजार वधारला, पण ज्यांचे खरेदीचे सौदे आधीच मोडले गेले होते त्यांना त्याचा उपयोग नव्हता.

एनएसईने महिनाभराने दिलेले स्पष्टीकरण वाचण्यासारखे आहे. दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या घेतलेल्या होत्या, पण रस्त्याच्या कडेच्या खोदकामामुळे दोन्हींत बिघाड झाला. एवढ्याने बाजार थांबायला नको होता. परंतु सर्व सर्व्हर ज्या सामायिक स्टोरेजवर माहिती ठेवत होते, तेच त्यांना मिळेनासे झाले. पुरवठादाराने बसवलेले पर्यायी व्यवस्थेकडे वळण्याचे तर्कशास्त्र ठरलेल्या आराखड्याप्रमाणे नव्हते, असे एनएसईचे म्हणणे होते. जोखीम नियंत्रणाची यंत्रणा बंद पडली आणि तिच्याविना बाजार चालू ठेवणे शक्य नव्हते.

त्या दिवशी माहिती मिळेनाशी झाली. ती बिघडली, असे एनएसईने म्हटलेले नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. कारण अशाच प्रसंगी यंत्रणा थांबण्याऐवजी चुकीच्या पद्धतीने चालू राहिली, तर नुकसान काही तासांचे न राहता काही वर्षांच्या नोंदींचे होते.

दोन मुनीम, एकच रोजमेळ

पाणीपुरवठा योजनेच्या जलवाहिन्यांसाठी खोदलेले रस्ते पाहणाऱ्या छत्रपती संभाजीनगरला ‘केबल तुटली’ हे उत्तर नवीन नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथले कारखाने असोत, रुग्णालये असोत की पतसंस्था. काम अडू नये म्हणून वापरली जाणारी एक रचना सगळीकडे सारखीच असते. लिनक्सवर चालणारे दोन सर्व्हर आणि दोघांना जोडलेले एक स्टोरेज. पहिला काम करतो, दुसरा सज्ज असतो. दोघे एकमेकांना सतत ‘मी आहे’ असा संदेश पाठवतात. हा संदेश थांबला की दुसरा सर्व्हर स्टोरेज आपल्या ताब्यात घेतो. याला फेलओव्हर क्लस्टर म्हणतात.

अडचण अशी की, संदेश थांबला याचा अर्थ पहिला सर्व्हर मेला असा होत नाही. फक्त मधली केबल किंवा स्विच गेलेला असू शकतो. पहिला सर्व्हर आपले काम करतच असतो आणि दुसराही तीच डिस्क उघडून लिहू लागतो.

लिनक्समधील एक्सटी४ आणि एक्सएफएस या नेहमीच्या फाइल सिस्टिम एका वेळी एकाच सर्व्हरने वापरायच्या असतात. कुठली जागा रिकामी आहे, कुठली फाइल कुठे आहे, याचा बराचसा हिशेब सर्व्हर स्वतःच्या मेमरीत ठेवतो. दोन मुनीम एकाच रोजमेळात लिहीत आहेत आणि ‘पुढचे पान कोरे आहे’ असे दोघांनाही वाटते आहे, अशी ही अवस्था. एकाने लिहिलेल्यावर दुसरा लिहितो. सुरुवातीला काहीच कळत नाही, आणि सर्वात वाईट भाग हाच. कधी काही तासांनी, तर कधी दुसऱ्या दिवशी एखादी फाइल उघडत नाही आणि मग बिघाडाचा शोध सुरू होतो.

संशय आला तर आधी वीज तोडा

यावरचा उपाय जुना आणि काहीसा निर्दय आहे. दुसऱ्या सर्व्हरने डिस्कला हात लावण्यापूर्वी पहिल्याची वीज तोडायची किंवा त्याचा स्टोरेजपर्यंतचा रस्ता बंद करायचा, आणि तसे झाल्याची खात्री मिळेपर्यंत थांबायचे. याला फेन्सिंग म्हणतात.

गिटहबच्या २२ डिसेंबर २०१२च्या बिघाडात हा उपायही पुरला नव्हता. नेटवर्कच्या कामात सुमारे दीड मिनिट संपर्क तुटला. जोडीने चालणाऱ्या फाइल सर्व्हरांपैकी प्रत्येकाला आपला जोडीदार गेला असे वाटले आणि काही जोड्यांनी एकमेकांनाच बंद केले. सेवा पूर्ववत व्हायला बरेच तास लागले.

लहान ठिकाणी मात्र खरा धोका फेन्सिंगच बंद ठेवण्याचा असतो. लिनक्समधील पेसमेकर हे क्लस्टर सॉफ्टवेअर, फेन्सिंगची सोय केलेली नसेल तर सेवा सुरूच करत नाही. बसवणारा माणूस घाईत असतो. इंटरनेटवरच्या अनेक मार्गदर्शिकांमध्ये फेन्सिंग बंद करण्याची एका ओळीची आज्ञा तयार मिळते. ती दिली की सगळे हिरवे दिसते आणि काम पूर्ण झाल्याची सही होते.

दुसरे कारण विजेचे. वीज तोडण्याचा हुकूम सर्व्हरमधील ज्या चिपला जातो, ती त्याच वीजजोडणीवर असते. त्या सर्व्हरचा पुरवठाच गेला की चिपही उत्तर देत नाही, खात्री मिळत नाही आणि दुसरा सर्व्हर थांबून राहतो. त्याचे थांबणे बरोबरच असते. पण फोनवर वरिष्ठ ओरडत असताना कुणीतरी हाताने डिस्क जोडतो. पहिला खरोखर बंद आहे का, हे जाऊन पाहिले नसेल तर इथेच घात होतो.

दोनच सर्व्हर असण्यातही मेख आहे. मतभेद झाले तर एक विरुद्ध एक. म्हणून तिसरे मत देणारे एखादे लहान यंत्र वेगळ्या ठिकाणी ठेवतात.

बिघडलेच तर?

सर्वात मोठे नुकसान अनेकदा दुरुस्तीच्या घाईत होते. आधी दोन्ही सर्व्हरवरील सेवा थांबवायला हव्यात आणि एका सर्व्हरचा स्टोरेजशी संबंध पूर्ण तोडायला हवा. त्यानंतर, काहीही दुरुस्त करण्याआधी, संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत किंवा स्टोरेजवरचा स्नॅपशॉट. फक्त वाचण्यासाठी डिस्क जोडली तरी अर्धवट राहिलेल्या नोंदी सहसा आपोआप पूर्ण केल्या जातात, म्हणजे डिस्कवर लिहिले जाते. अनेकांना हे ठाऊक नसते.

मग प्रतीवर तपासणी, तीही बदल न करणाऱ्या पर्यायासह. दुरुस्तीची आज्ञा फाइल सिस्टिम सुसंगत करते, माहिती परत आणतेच असे नाही. मालक न सापडलेल्या फाइली ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये नावाऐवजी आकडे घेऊन पडतात. डेटाबेस वेगळा तपासावाच लागतो आणि बऱ्याचदा शेवटी बॅकअपकडेच वळावे लागते.

कारण शोधताना दोन्ही सर्व्हरच्या लॉगमधील वेळा शेजारी ठेवल्या की बहुतेक गोष्टी उलगडतात. एकाच क्षणी दोघांकडे डिस्क जोडलेली होती का, एवढेच पाहायचे. एक हमखास सापडणारा दोषी म्हणजे एफएसटॅब ही फाइल. क्लस्टरने सांभाळायच्या डिस्कचे नाव तिथे राहून गेले, तर सर्व्हर सुरू होताना कुणालाही न विचारता डिस्क जोडून घेतो.

सेबीचे घड्याळ

एनएसईचे काम पर्यायी केंद्राकडे का वळवले नाही, असा खुलासा सेबीने त्याच दिवशी मागितला होता. पुढच्याच महिन्यात नियम कडक झाले : महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचे. जून २०२३ मध्ये एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीने मिळून ७२ कोटींहून अधिक रक्कम भरून हे प्रकरण तडजोडीने मिटवले.

गुंतवणूकदारांच्या दृष्टीने हे घड्याळ योग्यच आहे. पण वेळेची सक्ती आली की ‘पहिला खरंच बंद आहे का’ हा प्रश्न गाळला जाण्याची शक्यताही वाढते. त्याचे उत्तर त्या ३० मिनिटांत शोधत बसता येत नाही, ते फेन्सिंगच्या रूपाने आधीच बसवलेले असावे लागते. शेअर बाजाराकडे त्यासाठी पैसा, माणसे आणि मागे लागणारा नियामक आहे. वाळूजमधल्या लघुउद्योजकाकडे फार तर महिन्यातून एकदा येणारा संगणकवाला असतो. पण नवा क्लस्टर ताब्यात घेताना, खरी माहिती त्यावर चढवण्यापूर्वी, दोन सर्व्हरांमधली केबल आपल्यासमोर उपसून दाखवायला सांगणे त्यालाही जमते. त्या वेळी डिस्क दोन्हीकडे जोडलेली दिसली, तर बिल थांबवायला तेवढे कारण पुरेसे आहे.