साप खोटा चालेल, नदी रिकामी नको

लहानपणी टीव्हीवर हिंदीत डब केलेला ‘अ‍ॅनाकोंडा’ पाहिला आणि कित्येक दिवस विहिरीत उतरलो नाही. १९९७चा तो सिनेमा २०२५मध्ये विनोदी होऊन परत आला: जॅक ब्लॅक आणि पॉल रड त्याच सिनेमाचा रीमेक करायला जंगलात जातात. हसलो, पण माझी जुनी तक्रार तशीच आहे.

साप खोटा वाटतो, ही ती तक्रार नव्हे. जुन्या सिनेमात माहितीपटवाले अ‍ॅमेझॉनवर जातात ते शिरिशामा या काल्पनिक जमातीच्या शोधात. साप आला की जमात विसरली जाते. अगदी शेवटी ती दिसते आणि सिनेमा संपतो! नव्यात बेकायदा सोनं काढणारे येतात, पण पाठलागापुरते.

खऱ्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यात, ब्राझील-व्हेनेझुएलाच्या सीमेवर, यानोमामी राहतात. सोनं वेगळं करायला वापरलेला पारा त्यांच्या नद्यांत, माशांत आणि मासे खाणाऱ्या लेकरांच्या अंगात उतरलाय. अ‍ॅनाकोंडा बिनविषारी असतो. तिथलं विष माणसानं सोडलेलं आहे.

पुन्हा रीमेक कराल तेव्हा साप हवा तेवढा मोठा करा. पण काठावरच्या माणसांना शेवटच्या सीनपर्यंत ताटकळत ठेवू नका.