वकील शोधायचा की बोभाटा करायचा?

गेल्या शनिवारी सकाळी भंडाऱ्याहून मावसबहिणीचा फोन आला. "दादा, तू कॉम्प्युटरमधला ना? एक चांगला वकील शोधून दे. घटस्फोटाचं बघणारा. आणि गावात कोणाला विचारू नको."

झालं! तिथेच माझी विकेट गेली. कारण भंडाऱ्यात वकील शोधायची एकच पद्धत, विचारणे. मामांना विचारायचं, मामा चौकातल्या मित्राला विचारणार, मित्र म्हणणार "आपलाच माणूस आहे जी", आणि संध्याकाळी सासरी खबर. हिंदू विवाह कायद्याचं कलम 22 म्हणतं की अशी सुनावणी बंद दाराआड व्हावी. छान आहे. पण त्या दारापर्यंत पोचेस्तोवर अर्ध्या गावाला कळलेलं असतं त्याचं काय?

मग गुगल केलं. पाच तारे, "व्हेरी गुड सर", बास. हा माणूस पोटगीच्या केसेस चालवतो की सातबाऱ्याच्या, पत्ता नाही.

आमचा एक वकील मित्र लगेच म्हणाला, "आम्हाला जाहिरात करायला बंदी आहे." खरं आहे, बार कौन्सिलचा नियम 36. मद्रास हायकोर्टाने जुलै 2024 मध्ये वकिलांच्या याद्या देणाऱ्या पोर्टलांनाही झापलं. मला ते पटतंही, बसस्टँडवर "सात दिवसांत सुटका"चे फ्लेक्स कोणाला हवेत? पण राजेहो, जाहिरात आणि माहिती यात काही फरक आहे की नाही? 2008 साली याच नियमात दुरुस्ती झाली. नाव, पत्ता, सनद कधी मिळाली, शिक्षण, कुठल्या प्रकारची कामं करतो, एवढं स्वतःच्या वेबसाइटवर टाकायला तेव्हापासून परवानगी आहे. मग टाकत का नाहीत? कारण ओळखीवर धंदा व्यवस्थित चालतो. म्हणजे बंदीने बाजार थांबलेला नाही, तो फक्त मामांच्या हातात गेलाय. (मामा, राग मानू नका.)

शेवटी ईकोर्ट्सवर बसलो. तिथे वकिलाच्या नावाने केसेस शोधता येतात. एकाच वकिलाचं नाव तीन स्पेलिंगांत, तरी दोन तासांत अंदाज आला की कोण कौटुंबिक प्रकरणं खरंच चालवतं आणि कोणाच्या नुसत्या तारखा पडतात. अर्थात पटकन निकाली निघालेली केस चांगलीच लढली गेली असं नाही, हे मान्य. पण "आपला माणूस" यापेक्षा हे बरं.

तीन नावं काढली. बहिणीने स्वतः फोन केले आणि सगळ्यांना तेच विचारलं: फी टप्प्याटप्प्याने लिहून द्याल का, कोर्टात तुम्ही उभे राहाल की ज्युनिअर, आणि कलम 24 खाली अंतरिम खर्चाचा अर्ज कधी टाकाल? (नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत तो निकाली काढावा असं कायद्यातच आहे.) एक साहेब म्हणाले, "फीचं बघू नंतर, तू आमच्या मुलीसारखीच." दुसऱ्यांनी आधी विचारलं, "वडील काय करतात?" तिसऱ्या बाई होत्या. त्यांनी आकडा सांगितला, नवऱ्याच्या पगाराचे कागद आणायला सांगितले आणि म्हणाल्या, "परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो."

हे शेवटचं आम्हा शिकलेल्या घरात एकालाही माहीत नव्हतं. 1987 चा कायदा आहे!

सोमवारी ती त्यांच्याकडे कागद घेऊन जातेय. मामांना अजून माहीत नाही.