बांगड्या वाचवल्या, आता तिची पेन्शन वाचवा

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण घरात बिडी वळणारी आई, सूतगिरणीतले, साखर कारखान्यातले किंवा एसटीतले वडील असतील तर शेवटपर्यंत वाचा.

परवा पूर्व भागातली एक अक्का भेटली. वय ५१. सोळा वर्षं बिडी कारखान्याच्या पटावर नाव. नवरा एका सूतगिरणीत नोकरीत असतानाच वारला. अकराव्या दिवशी एक 'फॉर्म भरून देणारा' घरी आला. म्हणाला, "अक्का, मालकाचा पीएफ काढू. तुमचं पण नाव कमी करून पेन्शन आत्ताच लावून घेऊ. पुढचं कुणी बघितलंय? आणि मालकाची पेन्शन सोडा, एका बाईला दोन पेन्शन मिळत नसतात."

अक्कानं तीन ठिकाणी अंगठा दिला. पाव्हणे बसलेले, तिच्या डोळ्याचं पाणी खळलेलं नाही. त्या अवस्थेत तिनं पुढच्या तीस वर्षांचा हिशोब करून टाकला. खरं तर तिनं केलाच नाही, दुसऱ्यानं केला. आणि चुकीचा केला.

काय चुकलं ते सांगतो. हे नियम आहेत, माझं मत नाही.

कर्मचारी पेन्शन योजना १९९५, म्हणजे आपण ज्याला ईपीएस-९५ म्हणतो. मालक तुमच्या पगारातल्या १५ हजारांपर्यंतच्या रकमेवर ८.३३ टक्के या योजनेत भरतो. नवरा नोकरीत असताना गेला तर बायकोला विधवा पेन्शन मिळते. त्यासाठी दहा वर्षांची नोकरी लागत नाही, एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालते. बायकोच्या वयाची अट नाही. पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते. दोन मुलांना २५ वर्षं वयापर्यंत वेगळी पेन्शन असते. शिवाय विमा योजनेतून, अटी बसल्या तर, अडीच लाखांपासून सात लाखांपर्यंत एकरकमी पैसे मिळतात. नवरा पेन्शन घेत असताना गेला तर त्याच्या पेन्शनच्या निम्मी बायकोला. दोन्हीकडे किमान १ हजार रुपये.

आता 'एका बाईला दोन पेन्शन मिळत नसतात' हे वाक्य. साफ खोटं. स्वतःच्या नोकरीची पेन्शन वेगळी, नवऱ्याच्या मागं मिळणारी वेगळी. दोन्ही घेता येतात. अमेरिकेत बाईला एका वेळी दोन्हीपैकी मोठी तेवढीच मिळते, म्हणून तिथल्या विधवा आधी कुठली घ्यायची आणि कुठली वाढू द्यायची याचा हिशोब महिनोन्‌महिने करतात. आपल्याकडं हिशोब त्याहून सोपा आहे. तो बाईला कुणी सांगत नाही, एवढंच.

हिशोब असा. नवऱ्याच्या मागची पेन्शन लगेच मागायची. थांबून ती एक रुपयानं वाढत नाही. उशीर झाला असेल तरी घाबरू नका, अर्ज करा, ती मागच्या तारखेपासून लागते. स्वतःच्या पेन्शनचं उलट आहे. ती पूर्ण मिळते ५८ व्या वर्षी. नोकरी सोडली असेल तर पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण जितकी वर्षं आधी घ्याल तितके वर्षाला ४ टक्के कापले जातात. ही कपात ५८ ला संपत नाही, मरेपर्यंत राहते. उलट ५८ नंतर ६० पर्यंत थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते.

म्हणजे अक्कानं काय केलं? लगेच मागायची होती ती मागितलीच नाही. थांबायला हवं होतं ती सात वर्षं आधी घेतली. साधारण पाव हिस्सा कायमचा गेला. वर बिडीचं कामही गेलं, कारण नाव कमी केल्याशिवाय ही पेन्शन लागत नाही. फॉर्मवाल्यानं पीएफच्या रकमेतून आपला 'चहापाणी' मात्र त्याच दिवशी घेतला.

तुम्ही म्हणाल, "पत्रकार, चूल आज पेटवायची असते. ५८ पर्यंत थांबा म्हणून तिच्या चुलीला कोण सांगणार?" बरोबर प्रश्न आहे. म्हणून तर म्हणतोय, नवऱ्याच्या मागची पेन्शन आणि विम्याची रक्कम आधी मिळायला पाहिजे. मधली सात वर्षं काढायला तोच आधार आहे. आणि एखादी बाई आजारी असेल, बिडी वळायला बोटं चालत नसतील, तर तिनं लवकर पेन्शन घेणं चूक नाही. पण ते तिनं समजून ठरवावं. अकराव्या दिवशी, दुसऱ्याच्या पेनानं नाही.

आणखी एक खड्डा आहे. नोकरी दहा वर्षांपेक्षा कमी असेल तर पेन्शनचे पैसे काढून घेता येतात. तेराव्याच्या खर्चाला, पोरीच्या लग्नाला आपल्या बाया ते काढतात आणि ती वर्षं पुसली जातात. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेता येतं. पुढं दुसरीकडं काम लागलं तर जुनी वर्षं त्यात धरली जातात.

आता सरकारकडं येऊ.

किमान पेन्शन १ हजार रुपये झाली १ सप्टेंबर २०१४ ला. दहा वर्षं उलटून गेली. गॅस, तेल, डाळ, औषध, रिक्षा, सगळं वाढलं. हा हजाराचा आकडा हलला नाही. राज्यसभेच्या याचिका समितीनं २०१३ सालीच किमान ३ हजार द्या म्हणून सांगितलं होतं. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी. तेच पुढं आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. साहेब राजभवनात येऊन गेले, त्यांचा अहवाल अजून कागदावरच आहे. बुलढाण्यात पेन्शनर म्हातारी माणसं साडेसात हजारांसाठी साखळी उपोषणाला बसली. आपण टीव्हीवर बघितलं आणि चॅनल बदललं.

राज्याची गंमत तर और. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिना दीड हजार, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत पाहिजे. आता बेरीज करा. स्वतःची हजार, नवऱ्याच्या मागची हजार, वर्षाचे झाले २४ हजार. दोन हजारांत महिना काढणारी बाई सरकारच्या हिशोबात निराधार राहत नाही! आणि निराधारचे दीड हजार मिळत असतील तर लाडकी बहीणचे दीड हजार नाहीत. म्हणजे नवरा गेलेली आणि नवरा असलेली, दोघींच्या हातात सरकारचे तेवढेच पैसे. मग विधवेसाठी वेगळं काय केलंत?

अजून एक कलम. विधवेनं पुन्हा लग्न केलं तर ईपीएसची पेन्शन बंद. फुल्यांच्या, धोंडो केशव कर्व्यांच्या महाराष्ट्रात तिशीतल्या पोरीला आपण सांगतोय, हजार रुपये पाहिजेत तर एकटीच राहा.

आठवतंय ना, मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्यामागची चळवळ आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांची. पुढं सरकारनंही तोच कित्ता गिरवा म्हणून परिपत्रक काढलं. आपण अभिमानानं बातम्या छापल्या, मीही छापल्या. पण बांगडी वाचली आणि पेन्शन बुडाली तर त्या हातानं खायचं काय?

म्हणून चार मागण्या.

एक. मृत्यूचा दाखला देणाऱ्या खिडकीवरच, महापालिकेत असो की ग्रामपंचायतीत, बाईच्या हातात एक पानी यादी द्या. कुठली पेन्शन लगेच मागायची, कुठली थांबवायची. मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत. सोलापूर आहे हे.

दोन. कामगार नोकरीत वारला तर त्याचे कागद मालकानं पूर्ण करून पाठवावेत. बाईला गेटवर उभं करू नका. वर्गणी कापताना तिला बोलावलं नव्हतं.

तीन. निराधारच्या उत्पन्नाच्या मोजणीतून ही तुटपुंजी पेन्शन वगळा.

चार. १ हजाराचा आकडा बदला. आमचे खासदार-आमदार कुठल्याही पक्षाचे असोत, पुढच्या वेळी मतं मागायला पूर्व भागात आले की बायांनी एवढं एकच विचारावं.

आणि आपलं काम? यात यंत्रमागावरचे ते हजारो कामगार मी धरलेच नाहीत, ज्यांच्या नावावर पीएफच नाही. त्यांच्या बायकांना ठरवायलाही काही नाही. तो वेगळा लढा, त्यावर पुन्हा लिहीन. पण ज्यांचा पीएफ आहे त्यांनी आज रात्री घरी बसून तीन गोष्टी बघा. वारस म्हणून बायकोचं नाव लागलंय का? लग्नाआधी आईचं नाव दिलं असेल तर ते लग्नानंतर चालत नाही. आधार, बँक आणि पीएफमधलं नाव एकसारखं आहे का? आणि पीएफचा नंबर बायकोला माहीत आहे का?

गल्लीत कुणी वारलं तर मौतीला जाताच की. पुढच्या वेळी तेराव्यानंतर एकदा परत जा. वहिनींना, मावशींना, अक्कांना सांगा, "महिनाभर कुठंही सही करू नका. आधी वाचून घेऊ." फॉर्मवाला जाण्याच्या आधी आपण गेलं पाहिजे.

ही पोस्ट नुसती लाईक करू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.