विकणाराच न्यायाधीश?

२ एप्रिल २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं शस्त्रव्यापार करार मंजूर केला. विकलेली शस्त्रं स्त्रियांवरच्या गंभीर हिंसाचारासाठी वापरली जातील का, हे निर्यात करणाऱ्या देशानं आधी तपासावं, असं कलम त्यात आलं. जगभरच्या स्त्रियांनी ते झगडून मिळवलं. त्यांच्या कष्टांचा मान राखूनच विचारायला हवं : हे तपासणार कोण? तर विकणारं सरकारच!

ब्रिटनचंच पाहा. २०१४ साली त्यानं करारावर शिक्कामोर्तब केलं. मार्च २०१५ पासून सौदी अरेबिया येमेनवर बॉम्ब टाकू लागला, तरी ब्रिटिश शस्त्रं सौदीला जातच राहिली. शस्त्रव्यापाराविरुद्ध लढणारे कार्यकर्ते कोर्टात गेले. आधीच्या हल्ल्यांत युद्धाचे नियम मोडले गेले का, हे सरकारनं ठरवलंच नाही, म्हणून परवाने देण्याची ही पद्धत बेकायदा, असा निकाल २० जून २०१९ ला लागला. नवे परवाने थांबले. जुलै २०२० मध्ये सरकारनं स्वतःच फेरतपासणी करून जाहीर केलं : घडले ते सुटे, तुरळक प्रकार. परवाने पुन्हा सुरू!

सल्ला केंद्रात काम करणाऱ्या आम्हांला ही भाषा नवी नाही. ‘रागाच्या भरात एकदाच हात उचलला हो ताई,’ असं नवरे सांगतातच. पण मारहाणीचा निवाडा आपण नवऱ्यावर सोपवतो का? मग ज्याला विक्रीतून फायदा, त्याच्यावर हा निवाडा का सोपवायचा? कुंपणच शेत खातंय!

आपला देश त्या मतदानात तटस्थ राहिला. करार निर्यातदारांकडे झुकलेला आहे, ही आपली तक्रार होती. आज आपणही निर्यातदार आहोत. २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी रुपयांची संरक्षण निर्यात झाली, हे सरकार अभिमानानं सांगतं. इस्रायलला जाणारी शस्त्रं थांबवा, ही याचिका सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये फेटाळली. परराष्ट्र धोरणात न्यायालयानं पडायचं नाही म्हणे. मग दाद मागायची कुठे?

म्हणून ‘करारावर सही करा’ एवढीच मागणी पुरेशी नाही. कोणाला, काय, कोणत्या अटींवर विकलं, ते संसदेपुढे मांडा. तपासणी परवाना देणाऱ्यांच्या हातून काढून घ्या. आणि बॉम्ब पडल्यावर ढिगारा उपसणाऱ्या, पोरांसाठी पाणी शोधत फिरणाऱ्या बाईची साक्ष त्यात धरा. तोवर ते कलम म्हणजे दुकानदारानं स्वतःच लावलेली ‘शुद्ध माला’ची पाटी!