पाटीवरचा न वाचलेला आकडा

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा त्याच्या उद्योगधंद्यांची मोजदाद करावयास फारसा वेळ लागत नसे. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरचा सहकारी साखर कारखाना, नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या व त्यांच्या आधाराने चालणाऱ्या गिरण्या, कापसाचे जिनिंग आणि तापीकाठचे उपसा सिंचनाचे पंप ही त्यांतली ठळक नावे होत. पुढे सुरतेच्या सान्निध्यामुळे नवापूरच्या औद्योगिक वसाहतीत वस्त्रोद्योग आला, नंदुरबारजवळ भालेरची वसाहत उभी राहू लागली. या वाढीची चर्चा जागांचे भाव, विजेचे दर आणि रोजगाराचे आकडे यांभोवतीच फिरत राहिली. कारखान्याच्या भिंतीआड जे स्थित्यंतर घडत होते त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

हे स्थित्यंतर मोटार चालविण्याच्या पद्धतीतले आहे. पूर्वी विजेची मोटार स्टार्टरमार्फत थेट वाहिनीला जोडली जाई व सुरू झाली की एकाच वेगाने फिरत राही. आता तिच्यामागे 'ड्राइव्ह' नावाचे इलेक्ट्रॉनिक यंत्र बसविले जाते. ते विजेची वारंवारता कमीजास्त करून मोटारीचा वेग हवा तसा ठेवते. पंप अथवा पंखा पूर्ण वेगाऐवजी 80 टक्के वेगाने फिरविला तर त्याला लागणारी शक्ती सैद्धांतिक हिशेबाने 51 टक्क्यांवर येते. वीज महाग असलेल्या राज्यात हे यंत्र लोकप्रिय व्हावे यात नवल नाही. ते विकत घेताना किंमत विचारली जाते, हमी विचारली जाते, किती अश्वशक्तीच्या मोटारीला चालेल हेही विचारले जाते. त्याच्या पाटीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला शॉर्टसर्किट क्षमतेचा आकडा मात्र सहसा कोणी विचारीत नाही. यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाची सुरक्षितता ज्या गोष्टींवर ठरते, त्यांत हा आकडा प्रमुख आहे.

रोजचे पाणी आणि महापूर

तापीवर पूल बांधणारा अभियंता उन्हाळ्यातले पाणी मोजून पुलाची उंची ठरवीत नाही. तो महापुराचा हिशेब करतो. विद्युत यंत्रणेचेही तसेच आहे. मोटार रोज जेवढी वीज ओढते तो यंत्रणेचा नेहमीचा प्रवाह होय. पण पॅनेलमध्ये दोन तारा एकमेकींना भिडल्या, पावसाळ्याची ओल आत शिरली, धूळ साचून राहिली किंवा एखादी पाल अथवा उंदीर जिवंत पट्ट्यांवर आडवा पडला, की मोटारीचा अडसर दूर होतो आणि रोहित्र देऊ शकेल तेवढा सारा प्रवाह त्या एका जागी धाव घेतो. हा विजेचा महापूर होय. तो पेलण्याची यंत्राची कमाल मर्यादा म्हणजे त्याची शॉर्टसर्किट क्षमता. ती हजारो अँपिअरमध्ये सांगतात.

हा पूर किती मोठा येईल याचा ढोबळ हिशेब शालेय गणिताच्या पलीकडचा नाही. रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह घ्यावा आणि त्याच्या पाटीवर लिहिलेल्या 'इम्पीडन्स'च्या टक्केवारीने, म्हणजे अंतर्गत अडसराने, त्याला भागावे. 433 व्होल्टचे 200 केव्हीए क्षमतेचे रोहित्र पूर्ण भाराला सुमारे 267 अँपिअर देते. त्याचा अडसर साडेचार टक्के धरला तर शॉर्टसर्किटच्या वेळी त्यातून सुमारे 5,900 अँपिअर वाहू शकतात. 500 केव्हीएच्या रोहित्राचा अडसर तेवढाच धरला तर हाच आकडा सुमारे 14,800 अँपिअरवर जातो. वाहिनीचा व केबलचा अडसर हिशेबात घेतला की प्रत्यक्ष आकडा काहीसा उतरतो. उलट चालू असलेल्या मोठ्या मोटारी पहिल्या काही क्षणांत स्वतःच वीज परत फेकतात, त्यामुळे तो थोडा चढतोही. रोहित्रापासून दूर, लांबलचक वाहिनीच्या टोकाला असलेल्या शेतातल्या पंपाला या पुराची भीती कमी. रोहित्र ज्यांच्या आवारातच आहे त्या साखर कारखान्याला, जिनिंगला किंवा कापड गिरणीला ती सर्वाधिक.

वाढीबरोबर वाढणारा धोका

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक विलक्षण विसंगती दिसते. एखाद्या लहान उद्योजकाने 200 केव्हीएच्या रोहित्रावर धंदा सुरू केला आणि 10,000 अँपिअर क्षमतेची साधने असलेले पॅनेल बसविले, असे समजू. त्याचे पॅनेल सुरक्षित आहे. धंदा वाढला, भार मंजूर होऊन जुन्याच्या जागी 500 केव्हीएचे रोहित्र आले. पॅनेलमधला एक स्क्रूही हललेला नाही, दार तेच, आतले ड्राइव्ह तेच. तरीही त्या दिवसापासून ते पॅनेल अपुरे ठरले. संभाव्य प्रवाह अडीच पट झाला. प्रवाहाने निर्माण होणारा यांत्रिक आघात व उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तारांवर आणि पट्ट्यांवर येणारा ताण जवळजवळ सव्वासहा पट झाला. उद्योजकाच्या हिशेबवहीत हा दिवस भरभराटीचा म्हणून नोंदला जातो. धोक्याच्या खात्यात त्याच दिवशी पडलेली नोंद पाहणारा कोणी नसतो.

अपुऱ्या साधनावर असा प्रवाह कोसळला तर ते नुसते निकामी होत नाही. त्याचे आवरण फुटते, तांबे वितळून उडते आणि विजेची जी ज्योत पेटते तिचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही अधिक असू शकते. हे सारे सेकंदाच्या लहानशा अंशात घडते. त्या वेळी पॅनेलचे दार उघडून आत डोकावणारा माणूस मालक नसतो. तो वायरमन असतो, मदतनीस असतो, नाहीतर पाळीवर आलेला कामगार असतो.

'आमच्या ड्राइव्हमध्ये शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे', असे उत्तर विक्रेत्याकडून मिळते. ते खोटे नाही. पण अर्धे आहे. ड्राइव्हच्या पुढे, म्हणजे मोटारीच्या बाजूला दोष उद्भवला तर आतली इलेक्ट्रॉनिक साधने काही मायक्रोसेकंदांत प्रवाह थांबवितात. दोष ड्राइव्हच्या मागे, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूला किंवा त्याच्या स्वतःच्या पोटात झाला, तर ड्राइव्ह काहीच करू शकत नाही. तेथे भिस्त राहते ती आधी बसविलेल्या फ्यूजवर किंवा सर्किट ब्रेकरवर. म्हणूनच ड्राइव्हची शॉर्टसर्किट क्षमता सहसा सशर्त असते: अमुक जातीचा, अमुक अँपिअरचा फ्यूज मागे असेल तर इतका प्रवाह, नसेल तर फार कमी. फ्यूज जळाल्यावर त्या जागी तांब्याची तार बांधून काम पुढे रेटण्याची रीत सर्वत्र रुळलेली आहे. ती तार बांधली जाते त्या क्षणी पाटीवरचा आकडा अर्थशून्य होतो.

बाजार गप्प का राहतो

येथे एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. आकडा इतका महत्त्वाचा असेल तर स्पर्धेच्या बाजारात विक्रेते तो ठळकपणे का मिरवीत नाहीत? याचे उत्तर जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दिले होते. ज्या गुणाची पारख ग्राहकाला करता येत नाही त्या गुणाला बाजारात किंमत मिळत नाही. आणि किंमत मिळत नसल्यामुळे तो गुण असलेला माल हळूहळू मागे पडतो. अकेरलॉफ यांना या विवेचनासाठी 2001 मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पॅनेलचा बाजार हे त्याचे चपखल उदाहरण होय. योग्य फ्यूजसह, हिशेब करून बांधलेले पॅनेल आणि नुसते जोडाजोड केलेले पॅनेल ही दोन्ही रंगरूपाने सारखीच दिसतात आणि रोजच्या कामातही सारखीच चालतात. फरक पुराच्या दिवशी कळतो, आणि तो दिवस कदाचित दहा वर्षांत एकदाही येत नाही. तोवर स्वस्त दरपत्रक जिंकत राहते.

शिवाय बचत कोणाची आणि जोखीम कोणाची याचाही ताळा पाहावा लागेल. दरपत्रकातून फ्यूज वगळल्याने वाचलेले पैसे विक्रेता व खरेदीदार वाटून घेतात. अपघाताचा भार मात्र ज्याच्या नावाचा त्या व्यवहारात उल्लेखही नाही त्या कामगाराच्या कुटुंबावर पडतो. अशा परिस्थितीत बाजार आपोआप सुधारेल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल.

कायदा आहे, ओळ नाही

कायद्याने याचा विचार केलेला नाही असेही नाही. विद्युत अधिनियम 2003 अन्वये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षिततेचे विनियम 2010 मध्ये केले. वाहिन्या व साधने ही संभाव्य दोषप्रवाहाच्या मानानेही पुरेशा क्षमतेची असली पाहिजेत, असे त्यांत स्पष्टपणे सांगितले होते. 2023 च्या नव्या विनियमांनीही तीच भूमिका कायम ठेवली. पॅनेलसाठी 61439 आणि ड्राइव्हच्या सुरक्षिततेसाठी 61800-5-1 ही आंतरराष्ट्रीय मानके उपलब्ध आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने तर 2005 च्या आवृत्तीपासून औद्योगिक नियंत्रण पॅनेलच्या पाटीवर शॉर्टसर्किट क्षमता लिहिणे आवश्यक केले. घरातल्या साध्या एमसीबीवरही चौकटीत 6000 किंवा 10000 असा आकडा छापलेला असतो; तो हाच. रोज डोळ्यांसमोर असूनही त्याचा अर्थ किती सुशिक्षितांना ठाऊक आहे, हे ज्याचे त्याने स्वतःला विचारून पाहावे.

तेव्हा उणीव आहे ती कायद्याच्या पुस्तकात नाही. ती खरेदीच्या कागदावर आहे. कायद्यातले वाक्य आणि कारखान्याचे दरपत्रक यांच्यामध्ये जी एक ओळ असावयास हवी ती लिहिली जात नाही. 'या ठिकाणचा संभाव्य शॉर्टसर्किट प्रवाह इतका. पॅनेलची व ड्राइव्हची क्षमता, नमूद केलेल्या फ्यूजसह, त्याहून कमी नसावी' एवढीच ती ओळ.

ही ओळ लिहून घेण्याची सुरुवात सार्वजनिक पैशाच्या खरेदीपासून व्हावी. सहकारी साखर कारखाने, नगरपालिकांच्या पाणीपुरवठा योजना आणि तापीवरील उपसा सिंचनाचे प्रकल्प यांच्या निविदांत ती अनिवार्य केली, तर पॅनेल बांधणाऱ्या लहान कारागिरांना तो हिशेब शिकणे भाग पडेल आणि मग खासगी ग्राहकालाही त्याचा लाभ होईल. उपसा सिंचनाच्या कित्येक योजना थकलेल्या वीजबिलांपायी आणि नादुरुस्त यंत्रसामग्रीपायी वर्षानुवर्षे बंद राहिल्या, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. त्यांच्या दुरुस्तीवर सार्वजनिक पैसा खर्च होत असताना नवी यंत्रे केवळ स्वस्त असून भागणार नाही. दुसरे असे की, भारवाढ मंजूर करून मोठे रोहित्र बसविताना जुन्या पॅनेलची क्षमता नव्याने तपासल्याचे परवानाधारक ठेकेदाराचे लेखी विधान घेतले जावे. तिसरी गोष्ट औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतने यांच्या हातची आहे. रोहित्राची पाटी वाचून हा भागाकार करणे हा तेथील प्रत्येक विद्यार्थ्याचा पाठ व्हावा, आणि फ्यूजच्या जागी तार बांधणे हे कौशल्य नसून अपराध आहे, हे त्याच्या मनावर तेथेच बिंबावे.

यावर आक्षेप येईल तो खर्चाचा आणि कागदपत्रांच्या जंजाळाचा. मागासलेल्या जिल्ह्यात आधीच उद्योग यावयास नाखूश असतात, त्यांच्या वाटेत आणखी एक अट कशाला, असे विचारले जाईल. हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. परंतु पुष्कळदा क्षमता वाढविण्यासाठी महागडा ड्राइव्ह घ्यावा लागत नाही. निर्मात्याने सांगितलेला योग्य फ्यूज बसविला की तोच ड्राइव्ह कितीतरी मोठा प्रवाह निभावून नेतो. आणि या अटीसाठी नवा निरीक्षक नेमावयाचा नाही, नवे कार्यालय उघडावयाचे नाही. एक हिशेब करावयाचा व एक ओळ लिहावयाची आहे.

या जिल्ह्यातील हजारो आदिवासी कुटुंबे दरवर्षी हंगामात ऊसतोडीसाठी व मजुरीसाठी गुजरातेत स्थलांतर करतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून आलेला एखादा तरुण वायरमनचे प्रमाणपत्र घेऊन नवापूरच्या वा नंदुरबारच्या कारखान्यात उभा राहतो, तेव्हा त्याच्या घरातली ती वणवण एका पिढीपुरती तरी थांबलेली असते. जिल्ह्याच्या औद्योगिकीकरणाचे खरे समर्थन हेच आहे. पॅनेलचे दार उघडणारा हात त्याचा असतो. आतल्या पाटीवरचा आकडा तो दार उघडण्याच्या कितीतरी आधी, खरेदीच्या टेबलावर, कोणीतरी वाचलेला असणे हा त्या तरुणाचा हक्क आहे, आणि त्याला कामावर बोलावणाऱ्यांचे ते पहिले कर्तव्य आहे.